टोचून बघा

मंद्रूपच्या बाजारात शिवबाई मिरच्या विकायची. नवरा प्लेगात गेला तेव्हापासून वडाखालची ती जागा तिची. पण एका साली उन्हाळ्यात तिच्या उजव्या हातावर पांढरा डाग उठला आणि बघता बघता कोपरापासून मनगटापर्यंत पसरला. गिऱ्हाइकं लांबून जाऊ लागली. शेवटी तिचा दीर गुरप्पा गावातल्या चार लोकांना घेऊन दारात आला.

"वैनी, महारोग हाय ह्यो. मळ्यातल्या खोपीत ऱ्हावा. भाकरी पोचती करीन."

"कुणी सांगितलं महारोग हाय म्हणून?"

"सांगाय कशाला पायजे? दिसतंय की."

"दिसतंय ते पांढरं हाय, भावजी. नाव तुमी ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी सोलापूरला कांदे घेऊन एक गाडी निघाली होती. गाडीवानानं तिला वर घेतलं नाही. शिवबाई गाडीमागून धूळ खात चालत गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. डागावर कापसाचा पिंजलेला धागा फिरवला, सुई टोचली, गार आणि गरम पाण्याच्या काचेच्या नळ्या टेकवल्या. दर वेळी "कुठं लागलं?" म्हणून विचारलं. तिनं बोट ठेवून दाखवलं. मग डाग आणि कानाची पाळी बारीकशी चिरून आतला रस काचेच्या पट्टीवर घेतला आणि उद्या या म्हणून सांगितलं. ती रात्र तिनं सिद्धरामेश्वराच्या देवळात काढली.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "काही नाही. जा घरी."

शिवबाई जागची हलली नाही. "काय न्हाय म्हंजे काय? गावात इचारतील त्येला मी काय सांगू? मला दाखवा."

डॉक्टर जरा चिडले, पण तिचा चेहरा बघून त्यांनी तिला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीपाशी बसवलं. तिला नुसतं निळं निळं दिसलं.

"महारोगाचे जंतू असते तर या निळ्यात लाल काड्या दिसल्या असत्या."

"म्हंजे न्हायच की रोग!"

"तसं नाही, बाई. इथंच लोक फसतात. डागाच्या महारोगात कधी कधी काच स्वच्छच येते. पण तो डाग बधिर असतो, टोचलेलं कळत नाही. तुम्हाला कापूससुद्धा कळला. मी नसाही चाचपून बघितल्या, त्या जाड नाहीत. हे सगळं मिळून सांगतो, हे कोड आहे. एकाचं दुसऱ्याला होत नाही."

शिवबाई उठली. दारात थांबून तिनं विचारलं, "आन महारोग निघाला असता तर?"

"औषधाच्या तेलाची सुई दिली असती. दर आठवड्याला यायला सांगितलं असतं. खोपीत टाका म्हणून नसतं सांगितलं."

बाजाराच्या दिवशी ती वडाखाली बसली. बाही कोपराच्या वर दुमडलेली. घटकाभरात गुरप्पा आला, मागोमाग माणसं जमली.

"वैनी, उठा."

"कोड हाय ह्ये. डागदरानं तपासलंय."

"डागदर काय, कायबी सांगतोय."

"मग तुमी तपासा." तिनं हात पुढं केला. "बधिर असंल तर महारोग. मला लागलं तर कोड. घ्या काटा, टोचून बघा."

कुणीतरी बाभळीचा काटा पुढं केला. एवढ्या लोकांत मागं हटणं गुरप्पाला जमेना. काटा धरला, पण तिच्या अंगाला बोट लागू नये म्हणून त्यानं लांबूनच खचकन टोचला.

"अय्यो!" शिवबाई ओरडली, आणि तिचा डावा हात त्याच्या गालावर सणकन बसला.

मग मल्लव्वा कुंभारीण खदखदून हसली आणि बाजार हसायला लागला.

"लागलं म्हणायचं," मल्लव्वा म्हणाली, आणि पदर पसरून पायलीभर मिरच्या मागितल्या.

शिवबाईनं माप भरलं, पण हसली नाही. लोकांकडे बघून म्हणाली, "हसू नगा. मला महारोग असता, तरी मी हितंच बसले असते. सुई घ्यायला सोलापूरला गेले असते, आन बाजाराला माघारी आले असते. तवा काय करणार हुतासा?"

गुरप्पा गाल चोळत निघून गेला. काही घरांनी तिच्याकडून मिरच्या घेतल्या, काहींनी पुढं कधीच घेतल्या नाहीत. डाग वाढत खांद्यापर्यंत गेला. शिवबाईनं बाही कधी खाली सोडली नाही.