डुकराची झडप

मुलांच्या रेडिओ कार्यक्रमात वाघापासून बेडकापर्यंत सगळ्यांचे आवाज काढण्यात मावशीचा हात, म्हणजे गळा, कुणी धरू शकत नव्हतं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ती एका दुपारी कोल्ह्याच्या कुईत अडकली. कुई निघाली झोकात, पण अर्ध्यावर दम संपला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"कोल्हा मेला की काय?" काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं.

"कोल्हा ठणठणीत आहे रे," खुर्ची घट्ट धरत मावशी म्हणाली, "मीच चाललेय."

तपासण्या झाल्या. "तुमची झडप अरुंद झालीय," सर्जनबाई म्हणाल्या.

"माझी झडप? अहो, मी वाघाची झडप घालते, तीही तोंडाने!"

"हृदयाची झडप, मावशी. रक्त शरीरात जातं ते दार. कॅल्शियम साचून ताठ झालंय. बदलावं लागेल."

त्यांनी टेबलावर दोन नमुने ठेवले. एक यांत्रिक. जन्मभर टिकेल, पण रक्त पातळ करायची गोळीही जन्मभर आणि सारखी रक्ततपासणी. दुसरी डुकराच्या झडपेपासून केलेली. हिला ती गोळी सहसा कायमची लागत नाही, पण ही दहा-पंधरा वर्षांत झिजते. सोबत आलेल्या नवऱ्याने चाचरत विचारलं, "ते मांडीच्या शिरेतून बसवतात, तसं नाही का जमणार?"

"एरवी विचार केला असता. पण यांची झडपेजवळची मोठी रक्तवाहिनीही फुगलीय. ती दुरुस्त करायला छाती उघडावीच लागेल. मावशींच्या वयाला मी डुकराची सुचवेन."

मावशीचा चेहरा पडला. "आयुष्यभर मी डुकराला कार्यक्रमात मूर्ख ठरवलं. त्याने मनावर घेतलं म्हणजे?"

"झडपेला मन नसतं," सर्जनबाई शांतपणे म्हणाल्या.

घरी धाकटा दीर टपूनच बसला होता. त्याला यांत्रिक झडप बसवल्यापासून तो असा छाती काढून चालायचा, की जणू आत तोफखाना आहे. "वहिनी, डोळे झाकून माझ्यासारखी घ्या! जनावराचं काय खरं?"

"भाऊजी, आवाज येतो म्हणे तुमच्या झडपेचा."

"छे! कुणाला ऐकू येतोय?"

"मग उद्या चला स्टुडिओत."

दुसऱ्या दिवशी दीर इस्त्रीचा शर्ट घालून हजर. प्रसंग होता मांजराला घाबरून बिळात श्वास रोखून बसलेल्या उंदराचा. सगळीकडे चिडीचूप. आणि त्या शांततेत टिक, टिक, टिक.

"घड्याळ कुणाचं?" रेकॉर्डिंगवाला ओरडला. भिंतीवरचं घड्याळ बाहेर गेलं. सगळ्यांची मनगटं रिकामी झाली. तरी टिकटिक चालूच! शेवटी कानांना हेडफोन लावून तो माइक पुढे धरत खोलीभर हुंगत फिरला आणि दिराच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापाशी थांबला.

"काका, जरा बंद व्हाल का?"

"बंद झालो तर खांदा द्यायला तूच येशील ना?" दीर कडाडला. मग स्वतःच हेडफोन लावून ऐकत बसला आणि कौतुकाने म्हणाला, "काय ताल आहे, वा!"

मावशीचं तिथेच ठरलं.

"पंधरा वर्षांनी झिजली तर?" दिराने शेवटचा बाण सोडला.

"तेव्हाचं तेव्हा. तोवर उंदराला तरी निवांत लपू दे."

ऑपरेशनच्या दिवशी मात्र स्ट्रेचरवर तिला कार्यक्रमातलं ते मूर्ख डुक्कर आठवलं. छताचे दिवे डोक्यावरून सरकत होते. नवरा दारापाशी राहिला. आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून तिने अगदी हळू, तिला येत होतं त्या सगळ्या सफाईने, डुकराचा एक हुंकार काढला आणि पुटपुटली, "झालं गेलं विसर बाबा. आता आपण एकाच घरातले."

स्ट्रेचर ढकलणारा दचकून वाकला आणि चाकं तपासू लागला.

दोन दिवसांनी ती वॉर्डात आली. छातीशी उशी कवटाळून जपून खोकली. जखम ठणकली, पण श्वास पुरून उरला. नवरा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. ऑपरेशन ठरल्यापासून तो फक्त "होईल सगळं नीट" एवढंच म्हणत आला होता. मावशीची नजर त्याच्या पायांकडे गेली. एका पायात त्याची काळी चप्पल होती. दुसऱ्यात निळी, बायकी, फुलाची.

"अहो, हे काय?"

त्याने खाली पाहिलं. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "कधीपासून घातलीय, कोण जाणे."

शेजारच्या पलंगाखाली ओणवी होऊन शोधणारी एक बाई म्हणत होती, "अगं बाई, आत्ता तर इथेच होती!"