चितरीचे जंत

वरठीच्या शकुनबाईने वळलेली बिडी ठेकेदाराकडून कधी परत आली नाही, अशी तिची ख्याती होती. हात चालायला लागले की तिला पाहायचीही गरज पडत नसे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात ती तेंदूची पानं धुवायला गावाच्या बोडीवर, त्या लहानशा तळ्यावर, गेली, तेव्हा काठच्या चिखलात तोंड बांधलेलं एक पोतं हललं. आत मांजराची तीन पिल्लं होती. दोन गेलेली. तिसरं, करड्या पट्ट्यांचं, तेवढं धुगधुगत होतं. शकुनबाईने त्याला पदरात गुंडाळलं आणि घरी आणलं.

तिचा नवरा मंगरू स्टेशनवर हमाल होता. तो म्हणाला, "आपलंच पुरून नाही राहिलं, अन् हे काहून आनलं?"

"माह्या ताटातलं देईन. तुह्यातलं नाही मांगत."

पिल्लाचं नाव पडलं चितरी. भात, पेज, मासोळीचं डोकं, दिसेल ते चितरी खायची. तरी पाठीचं हाड बोटाला टोचायचं आणि पोट मात्र ढोलकीसारखं तट्ट. आठव्या दिवशी ती ओकली. ओकारीत शेवयांसारखे पांढरे जंत वळवळत होते.

शेजारची पुष्पाबाई धावत आली. "तंबाखूचं पानी पाज तिले. तुह्या घरी काय तोटा हाय? जंत पटकन मरतीन."

"जंताच्या आंधी मांजर मरन," शकुनबाई म्हणाली. "वीस वर्सं झाले माह्या हातात तंबाखू हाय. नवी पोरगी बिडीवर बसली का पहिल्या दिवशी तिले कसं गरगरते, ते मले ठाऊक हाय. हे तं ओंजळीएवढं."

भंडाऱ्याला ढोरांचा सरकारी दवाखाना होता. निघण्याआधी तिने चितरीला कापडी पिशवीत घातलं आणि भैय्यालालच्या किराणा दुकानात नेलं.

"मांजर विकून राहिली का, बाई?" भैय्यालाल हसला.

"भावाच्या बैलाले डॉक्टरनं वजन इचारून दवा देल्ती. तू तराजू काढ."

पिशवीचं वजन वेगळं काढून चितरी भरली सातशे वीस ग्रॅम. तो आकडा घोकत शकुनबाई पायी भंडाऱ्याला गेली.

दवाखान्यात बैल होते, म्हशी होत्या, एक लंगडी गाय होती. पिशवीतून मांजराचं डोकं वर आलं तशी रांगेतली माणसं खिदळली. "बिल्लीले कोन डॉक्टरकडे आनते, बाई?" शकुनबाई हलली नाही. तिची पाळी आली तेव्हा डॉक्टरही किंचित हसलेच. नवीन होते, पुण्याकडचे.

"वजन किती असेल हिचं, अंदाजे?"

"अंदाजे नाही, सायेब. सातशे वीस ग्रॅम. सकाळीच केलं."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी चितरीचं पोट चाचपलं, हिरड्या पाहिल्या, जंत कसे दिसत होते ते विचारलं. मग म्हणाले, "बाई, इथली औषधं मोठ्या जनावरांची. लहान मुलांना जंतावर देतात ते एक पातळ औषध हिला चालेल." त्यांनी नाव लिहून दिलं आणि डोळ्यांत औषध घालायच्या काचेच्या नळीवर शाईने खूण केली. "इथपर्यंत. थेंबभरही जास्त नको. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचं. आज मोठे जंत पडतील, पण मागे राहिलेले वाढतात. दुसऱ्यांदा कुणी देत नाही, तिथेच सगळे फसतात."

अख्ख्या बाटलीची किंमत एकटीला झेपणारी नव्हती. पुष्पाबाईच्या दोन पोरांनाही जंत होते. दोघींनी मिळून बाटली आणली आणि पोरांचं प्रमाण औषधवाल्याकडून नीट समजून घेतलं. तरी आपला वाटा भरायला शकुनबाईने महिनाभर चहा सोडला.

पहिल्या डोसाने जंतांचा गुंताच पडला. तिने तो राख टाकून दूर पुरला, साबणाने हात धुतले आणि मगच पानाला हात लावला. शकुनबाईला लिहिता येत नव्हतं. रोज सकाळी ती भिंतीवर चुन्याचं एक बोट ओढायची. पंधरावं बोट ओढलं त्याच सकाळी चितरीला मांडीत धरून तिने दुसरा डोस दिला. चितरीने तिचा हात ओरबाडला. "ओरबाड," ती म्हणाली, "जोर आला मनजे तुह्यात."

महिन्याभरात पोट बसलं, पाठ भरली, अंगावर तकाकी आली. मंगरूही जेवताना मासोळीचं डोकं गुपचूप खाली सरकवू लागला.

मग एके दिवशी शकुनबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, चितरीला टोपलीत घातलं आणि पुन्हा भंडाऱ्याची वाट धरली. औषध नको होतं. फक्त दाखवायचं होतं.

डॉक्टरांनी टोपलीवरचं फडकं उचललं. "दुसरा डोस?"

"पंधराव्या दिवशी. सकाळी."

डॉक्टर खुर्चीतून उठले. भरल्या दवाखान्यात रांगेकडे वळून म्हणाले, "मी इथे आल्यापासून बैलवाल्यांपैकी एकानेही दुसरा डोस ठरल्या दिवशी दिला नाही. या बाईने मांजराला दिला. ऐकताय ना?"

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बाकावर सरकून जागा केली. "बस, बाई. किती दिवसानं देल्ली म्हनली दवा? माह्या वासराले बी जंत हायेत."

शकुनबाई बसली, टोपली मांडीवर घेतली आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगू लागली.