रिकाम्या काट्यावरचे दोन किलो

मित्रांनो, मी पाटोद्याजवळच्या एका वाडीवरचा जुना वजनकाटा. काटा कधी खोटं बोलत नाही, असं लोक धरून चालतात. मी बोललो. चांगलं दोन किलोंचं खोटं बोललो, आणि तेही एका बाईची अब्रू पणाला लागलेली असताना. तेव्हा आधी माझी हकीकत ऐकून घ्या, मग मला काय बोलायचं ते बोला.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात स्प्रिंग, पाठीवर काळी रबरी चटई, पुढे काचेखाली गोल तबकडी आणि तीवर लाल काटा. बाजूला एक चकरी आहे, ती फिरवून काटा शून्यावर आणायचा. माझ्या खोक्यावर एका सडपातळ बाईचं चित्र होतं. मला वाटलं, आपण अशाच एखाद्या घरी जाणार, फरशीवर राहणार, सकाळ-सकाळी स्वच्छ पाय बघणार. अभिमन्यूने मला दुकानातून उचललं, घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर बोकड आलं.

त्याचं असं झालं. अभिमन्यूच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या. बाजारात व्यापारी बोकडाच्या पाठीवर हात फिरवायचे आणि नुसत्या अंदाजाने वजन सांगायचे, तेही नेहमी कमीच. म्हणून अभिमन्यूने ही युक्ती काढली. बोकड कवेत घेऊन माझ्यावर उभं राहायचं, आकडा बघायचा. मग बोकड सोडून एकट्याने उभं राहायचं. वजाबाकी केली की बोकडाचं वजन हातात. बोकडाला हे मुळीच पसंत नसे. ते पाय झाडायचं, ओरडायचं, आणि कधी कधी माझ्या तबकडीवर आपला राग ओला करून जायचं. मित्रांनो, माझ्या कडांना जो गंज दिसतो ना, तो पावसाचा नाही.

तरी ते माझे वैभवाचे दिवस होते. खंडेनवमीला विळा-कुऱ्हाडीच्या शेजारी मला मांडून कुंकू लावायचे. वाडीवरची माणसं मुद्दाम वजन करायला यायची. फक्त अभिमन्यूची आई दगडाबाई माझ्यावर एकदाच चढली, आकडा ऐकला आणि म्हणाली, "ह्याला काय कळतंय." त्यानंतर तिने मला पाय लावला नाही.

दगडाबाई म्हणजे साठ शेळ्या एका हाकेवर फिरवणारी बाई. तोंडाची फटकळ, पण सून सुनिता गरोदर राहिली आणि ही बाई लोण्यासारखी मऊ झाली. घरातलं तूप सुनेला, पहिल्या धारेचं दूध सुनेला, भाकरी तव्यावरून थेट सुनेच्या ताटात. थंडीत पाचवा महिना लागला तेव्हा एका सकाळी सुनिता माझ्यावर उभी राहिली. मी पंचेचाळीस दाखवले. खरे पंचेचाळीस, शपथेवर सांगतो.

त्यानंतर काही दिवसांनी एका दांडग्या बोकडाने उडी घेतली आणि त्याचा खूर माझ्या चकरीवर बसला. चकरी फिरली. काटा शून्यावरून सरकला आणि दोनवर जाऊन थांबला. माझ्यावर कुणी नसतानाही मी दोन किलो दाखवू लागलो. तुम्ही विचाराल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, बोकडाच्या हिशेबात वजाबाकी होती ना. दोन्ही वेळेला दोन-दोन जास्त, म्हणजे उत्तर तेच. आणि खरं सांगायचं तर मला सांगताही आलं असतं तरी मी सांगितलं नसतं. खंडेनवमीचं कुंकू डोक्यात गेलं होतं.

महिन्याने सुनिता पुन्हा माझ्यावर उभी राहिली. अठ्ठेचाळीस. दगडाबाईने आनंदाने सगळ्या वाडीत सांगितलं, सून महिन्यात तीन किलोंनी भरली. आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातल्या ऋतुजा सिस्टरने कार्ड बघून कपाळाला आठ्या घातल्या. तिथला आकडा मागच्या महिन्यात सत्तेचाळीस होता. आता सेहेचाळीस. वाढायच्या दिवसांत एक किलो कमी.

दवाखान्यात रांगेत बसलेल्या बायकांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत गोष्ट पार दिंद्रुडला पोचली, सुनिताच्या माहेरी. सासू घरी खोटी वजनं सांगती आणि पोरीला उपाशी ठेवती, अशी. सकाळी सुनिताचे वडील राधाकिशन जीप घेऊन दारात हजर.

"विहीणबाई, पोरीला मी घेऊन चाललो," ते म्हणाले. "तिची पिशवी भरा."

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचंच होतं, पण अजून दोन महिन्यांनी, ओटी भरून, चार बायका बोलावून. असं भर दिवसा उपाशी पोर सोडवून नेल्यासारखं नेलं तर दगडाबाईने वाडीत तोंड कुठे दाखवायचं? सुनिता दारात उभी राहून रडत होती. दगडाबाई मात्र रडली नाही. तिने मला लुगड्याच्या जुन्या धडप्यात बांधलं, डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "चला दवाखान्यात. दोन्ही काटं शेजारी ठिवा. ज्याचं खोटं निघंल त्याला माझ्या हातानं भंगारात घालते."

डोक्यावर बसून जाताना मला घाम फुटला नाही, कारण मला घाम येत नाही. पण भंगाराचा शब्द मी नीट ऐकला होता.

दवाखान्यात तो दुसरा होता. काचेचा, चपटा, आकडे लाल दिव्याचे. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुनिता त्याच्यावर उभी राहिली, सेहेचाळीस. माझ्यावर उभी राहिली, अठ्ठेचाळीस. ती उतरली आणि दगडाबाई मला उचलायला वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"ताई," ती सिस्टरला म्हणाली, "ह्याच्यावर आता कोण हाय?"

"कोणी नाही."

"मग ह्यो दोन कावून दाखवतोय?"

अभिमन्यू पुढे झाला, त्याने माझी चकरी बघितली, आणि बोकडाची ती उडी त्याला आठवली. राधाकिशन मोठ्याने हसले. "म्हंजे तुमचं तीन किलो हवेतच गेलं, विहीणबाई." दगडाबाईचा चेहरा उतरला. मित्रांनो, मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नाही.

पण ती धनगराची लेक. तिने बोटांवर हिशेब केला आणि मान वर केली. "ह्याचं दोन वजा केलं तरी पंचेचाळीसचं सेहेचाळीस झालं. येक वाढलं. मग तुमच्या काट्यावर कमी कसं?" ती सुनेकडे वळली. "मागल्या बारीला आपून हितं कवा आलतो गं?"

"बारशाहून आलतो, आत्या," सुनिता म्हणाली. "दुपारी. जेवूनच."

"काय नेसलं व्हतं?"

"काठाची साडी. वरून स्वेटर. चपला पण काढल्या न्हवत्या."

"आन काल?"

"काल रक्त तपासायचं होतं म्हणून उपाशीपोटी आले. ह्या सुती साडीवर, अनवाणी."

दगडाबाई राधाकिशनांकडे वळली. "पाव्हणं, जरा तुमी चढा काट्यावर. बूट, कोट काढून."

राधाकिशन गोंधळले, पण चढले. काचेच्या काट्याने एकाहत्तर दाखवले. दगडाबाईने त्यांना उतरवलं, कोट घालायला लावला, बूट चढवायला लावले, खिशात मोबाईल आणि जीपच्या किल्ल्या घालायला लावल्या, आणि माठातलं तांब्याभर पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला लावलं. "आता चढा." चौऱ्याहत्तर.

"पाच मिन्टात तीन किलो भरलात," ती म्हणाली. "मी काय खाऊ घातलं तुमाला?"

रांगेतल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. "बोकड इकताना व्यापारी त्याला मीठ चाटवून पाणी पाजत्यात आन मग तोलाया आणत्यात," दगडाबाई पुढे म्हणाली. "आमी त्याला फसत न्हाई. पर माणसाच्या वक्ताला आमची आक्कल कुठं गेलती, द्येव जाणे."

सिस्टरनेही कार्ड पुन्हा बघितलं आणि मान हलवली. यापुढे एकच काटा, तोही सकाळी, हलक्या साडीवर आणि अनवाणी, असं तिने कार्डावर लिहिलं. मग ती म्हणाली, "पण एक किलो म्हणजे कमीच. दोनेक तरी वाढायला हवं होतं. सुनिता, तू पोटभर जेवतेस का?"

सकाळपासून हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता.

"भूक लई लागती," सुनिता म्हणाली. "भाकर पण गरम मिळती. पर आत्या म्होरं बसून घासाघासाकडं बघत्यात. मला मग गिळवतच न्हाई."

मला वाटलं, आता दगडाबाईचा आवाज पाटोद्यापर्यंत जाणार. तिने फक्त विचारलं, "मग आधी कावून न्हाई बोललीस?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

राधाकिशनांनी निघतानाच लेकीची पिशवी जीपमध्ये टाकून जीप दवाखान्यापर्यंत आणली होती. ती त्यांनी बाहेर काढली आणि अभिमन्यूच्या हातात दिली.

त्या दिवशी संध्याकाळी दगडाबाईने सुनेपुढे ताट ठेवलं आणि स्वतः बाहेर शेळ्यांजवळ जाऊन बसली, दाराकडे पाठ करून. मी कोपऱ्यातून बघत होतो. मागे वळावंसं तिला किती वाटत होतं ते तिच्या पाठीवरूनच कळत होतं. एकदा तिने विचारलं, "झालं का गं?" आतून उत्तर आलं, "न्हाई, आत्या, अजून एक घेते." ती तशीच बसून राहिली. सुनिताने तीन भाकरी खाल्ल्या. दगडाबाईने वळून बघितलं नाही, पण तिचा पदर मात्र दोनदा डोळ्यांकडे गेला.

मला भंगारात घातलं नाही. अभिमन्यूने माझी चकरी फिरवून काटा शून्यावर आणला. दगडाबाई एवढंच म्हणाली, "त्यो मुका हाय. बघायचं काम आपलं व्हतं." आता मी पुन्हा बोकडं तोलतो आणि शहाण्यासारखा शून्यावर राहतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. त्याला सपाट, घट्ट जमिनीवर ठेवा, पुसत जा, आणि पाय ठेवण्याआधी त्याचा काटा कुठे आहे तेवढं बघा. घरचा आणि दवाखान्याचा आकडा जुळला नाही तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. आणि ज्याचं वजन करताय त्याला, नीट जेवलास का, हेही विचारा. ते मला विचारता येत नाही.