उतरणं अजून बसवलेलं नाही

शनिवारी संध्याकाळी पावणेसात वाजता तस्लीम शिकलगारने उडी मारली आणि ती खाली आली नाही.

हे सांगलीत घडलं, मार्केट यार्डाजवळच्या एका हळदीच्या गोदामाच्या माडीवर. माडी उपाध्ये नावाच्या व्यापाऱ्यांची. तिथे सुनीती मगदूम नाचाचे वर्ग घेत असे. फरशीच्या सांध्यांमध्ये हळद मुरलेली, त्यामुळे तिथे नाचणाऱ्यांचे तळवे बारा महिने पिवळे असायचे. त्यातले दोन तळवे आता पहिल्या रांगेतल्या लोकांच्या डोक्याच्या उंचीवर होते.

प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. पालक, शेजारी, खालचे दोन-तीन दुकानदार असे पंचवीस-तीस लोक जमले होते. नाच अर्धवट आहे हे सुनीतीने त्यांना आधीच सांगितलं होतं. अर्धा नाच बघायचा, मग मोकळेपणाने बोलायचं, चहा घ्यायचा आणि जायचं, असं ठरलं होतं. अर्धा म्हणजे कुठपर्यंत, एवढं मात्र सांगायचं राहिलं होतं.

सुनीतीने सगळ्यात आधी पंखे बंद केले. मग ती पुढे आली आणि म्हणाली, "इथपर्यंत बसलाय."

"आणि ही?" उपाध्यांनी वर बोट दाखवलं.

"तिचं उतरणं अजून बसवलेलं नाही."

"असं होय," उपाध्ये म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत टेकले.

सुनीतीच्या वर्गात नियम दोनच होते. जे बसवलेलं नाही ते करायचं नाही, हा पहिला. हात हवेत असताना नाच थांबला तर हात हवेतच ठेवायचा. मनाने काही भर घालायची नाही. नवी मुलं या नियमाला हसत आणि आठवड्याभरात पाळू लागत. तस्लीम तो शाळेत असल्यापासून पाळत आली होती. तिच्यासोबत नाचणारा अभिनंदन चौगुलेही पाळत होता. त्याने तिला झेलायचं होतं, पण झेलणंही बसलेलं नव्हतं, म्हणून तो दोन्ही हात पुढे करून उभा होता. एका बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि त्याच्या हातांवर आपली पर्स ठेवली.

"ताई, मी बरी आहे," वरून तस्लीम म्हणाली. "इथं वारं चांगलं आहे."

"सुनीतीताई, पोरीची बॅग भरायचीय अजून," दुसऱ्या रांगेतून तस्लीमची आई शमीम म्हणाली. सगळा वर्ग तिला अम्मीच म्हणायचा. "उद्या दुपारची गाडी आहे, माहितेय न्हवं तुम्हाला?"

सुनीतीला माहीत होतं. तस्लीम दोन वर्षांच्या शिक्षणासाठी बंगळूरला निघाली होती. तिथून प्रवेशाची चिठ्ठी आली त्या दिवसापासून या नाचाचं काम सुरू होतं. महिनाभरात चालणं बसलं, लोळणं बसलं, अभिनंदनच्या पाठीवरून सरकणं बसलं. उडीपाशी आलं की सुनीती दरवेळी घड्याळ बघायची आणि म्हणायची, "पुढचं उद्या बघू."

"बसवू आत्ताच," ती अम्मीला म्हणाली. "लोक आलेत ना, बोलू दे त्यांना." मग ती प्रेक्षकांकडे वळली. "काय वाटलं बघून? मोकळेपणाने सांगा."

"छान झालं."

"मस्तच."

"मुलांनी मेहनत घेतलीय हो."

शेवटी खोत सरांनी हात वर केला. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. "मला विचाराल तर तिने पानासारखं खाली यावं. गिरक्या घेत घेत."

"दाखवा सर."

"मी?"

"आमच्याकडे तसा नियम आहे. जो सुचवेल त्याने करून दाखवायचं."

हा दुसरा नियम. खोत सरांनी चष्मा खिशात ठेवला, शर्ट नीट खोचला आणि उडी मारली. ते तस्लीमच्या शेजारी जाऊन पोचले आणि गिरक्या घेऊ लागले. गिरक्या सुरेख होत होत्या. पहिल्या गिरकीला थोडे अडखळले, पुढे हात पसरले, मान कलती केली. फक्त ते खाली येत नव्हते, कारण उतरणं त्यांनाही कुणी बसवून दिलेलं नव्हतं.

"शाब्बास सर!" अम्मी म्हणाली.

"अहो, एवढं काय अवघड करून ठेवलंय!" उपाध्ये उठले. "हमाल पोतं उतरवतो तसं यायचं. आधी हा खांदा, मग तो खांदा, मग धप्प."

"दाखवा काका."

"माझं वजन बघितलंय का?"

"नियम आहे," चार-पाच जण एकदम म्हणाले.

उपाध्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि उडी मारली. ते खोत सरांच्याही वर गेले, थेट छताजवळच्या झरोक्यांपाशी. त्यांनी एक खांदा पाडला, दुसरा पाडला. धप्प काही झालं नाही.

"अरे!" ते वरून ओरडले. "इथं ऊन आहे की!"

खाली दिवे लागले होते. उपाध्ये सूर्य मावळल्यावर काही खात-पीत नसत, आणि अर्ध्या तासापूर्वीच त्यांनी चहा नाकारला होता. झरोक्यातून मात्र सूर्य दिसत होता, रस्त्यापलीकडच्या शेडच्या पत्र्यावर टेकलेला.

"मग पाठवा एक कप," ते म्हणाले. "साखर बेताची."

चहा हातोहात वर गेला. अम्मीने तस्लीमसाठी आणलेला शंकरपाळ्यांचा डबाही वर गेला. तस्लीमने एक शंकरपाळी तोडली. तिचा चुरा तिच्या हनुवटीखाली तसाच थांबला, आणि खोत सर गिरकी घेता घेता त्यातलं थोडं थोडं खाऊ लागले.

त्यानंतर सगळ्यांनाच सुचू लागलं. पर्सवाल्या बाई म्हणाल्या, जिना उतरतो तसं. औषधाच्या दुकानवाले म्हणाले, विहिरीत पोहरा सोडतात तसं. दोन पालकांचा वाद झाला की आधी टाच टेकावी की चवडा, आणि मिटवण्यासाठी ते दोघेही वर गेले. एकेक खुर्ची रिकामी होत होती. माडीचं छतही जेवढ्यास तेवढं सरकून जागा देत होतं, त्यामुळे दाटी झाली नाही. वर गप्पांना रंग चढला होता. कुणाच्या तरी भाचीसाठी स्थळ निघालं. उपाध्यांचा दुसरा कप झाला. सूर्य अजून पत्र्यावरच होता.

खाली सुनीती मन लावून काम करत होती.

"डावा पाय. मग गुडघा. मग उजवा हात फरशीला."

तस्लीमने ते केलं. ती वीतभर खाली आली आणि पुन्हा वर गेली.

"बरं. दोन्ही पाय, खोल बैठक, मान खाली."

पुन्हा वीतभर खाली, पुन्हा वर.

"कुशीवर. लोळण. मग तळव्यांवर भार."

"हे नाही ताई," वर जाता जाता तस्लीम म्हणाली.

"का नाही?"

"तुमचं प्रत्येक उतरणं म्हणजे पुढच्या उडीची तयारी आहे. बघा की. गुडघा वाकवून ठेवताय, भार मागं घेताय. मी टेकते कुठं? मी परत उडायला निघते."

सुनीतीने तिन्ही उतरणी मनात पुन्हा करून पाहिल्या. तस्लीमचं बरोबर होतं.

"मग तू सांग कसं ते."

"मी सांगितलं तर मला दाखवायला लागेल. दाखवायला आधी उडी मारायला लागेल. मी तर आधीच इथं आहे." तस्लीमने शंकरपाळी चावली. "तुम्ही दाखवा."

सुनीती खुर्चीत बसून शिकवायची. गेल्या कित्येक वर्षांत तिने मुलांना शब्दांनीच सगळं करायला लावलं होतं, आणि ते नीट होत होतं.

"मी शेवटची उडी कधी मारली तेही आठवत नाही," ती म्हणाली.

"मारा हो मगदूम बाई!" उपाध्ये कप हलवत ओरडले. "भाडं वाढवणार नाही!"

खाली आता तिच्याशिवाय दोघेच उरले होते. अभिनंदनच्या हातांवर पर्सबरोबर दोन छत्र्या आणि कुणाचं तरी जाकीट जमलं होतं. अम्मी दुसऱ्या रांगेत एकटी बसली होती.

"शमीमभाभी, तुम्हाला काही सुचत असेल तर बघा ना."

"मला काय सुचायचंय? पोर जायला निघाली की बॅग भरायची, एवढंच मला येतं." अम्मी उठली आणि मधल्या खुर्च्या भिंतीकडे सरकवू लागली. "तुम्ही जावा वर. खाली कुणीतरी लागतंय, ती मी आहे."

सुनीतीने उडी मारली.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं निघालं. ती तस्लीमसमोर येऊन थांबली. तस्लीमने तिचा हात धरला, तसा तिने पहिल्या दिवशी वर्गात आल्यावर धरला होता, घट्ट आणि थोडा ओला. चारी बाजूंनी लोक सरकून बसले. खोत सरांनीही गिरकी थांबवली.

"घाबरलात?" तस्लीमने हळूच विचारलं.

"हो."

"मीपण. बंगळूरला."

"तिथे उडी बसवली की त्याच दिवशी उतरणंही बसवून घे."

"घेईन. आधी हे."

सुनीतीने खाली पाहिलं. मधली सगळी जागा रिकामी झाली होती. अम्मीने चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर खोचला आणि बरोबर त्या दोघींच्या खाली येऊन दोन्ही हात वर केले.

"या," ती म्हणाली. "कुणीपण या. दोघी आल्यात तरी चालतंय."

"यात पाय कोणता आधी?" तस्लीमने विचारलं.

"पायाचं काही नाही," सुनीती म्हणाली. "फक्त हात सोडायचा."

"कुणी?"

"सांगणाऱ्याने."

आठ वाजून गेल्यावर सुनीतीने हात सोडला. तेव्हापासून त्या दोघींमधलं अंतर वाढू लागलं, आधी बोटभर, मग हातभर. दोघींपैकी खाली कोण जात होतं, हे वर बसलेल्यांपैकी कुणालाच सांगता येईना.