सेनापतीच्या झग्याचं अस्तर

दुपारी एक वाजला की दुकानाचं शटर अर्ध्यावर यायचं. मग बाहेर कितीही मोठं गिऱ्हाईक येऊन उभं राहो, त्याला पावणेदोनपर्यंत ताटकळावंच लागायचं, कारण आत सेनापतीचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

दुकान कोट शिवण्याचं. माणसं तीनच. मावशी मालकीण, चाळीस वर्षं हातात सुई धरलेली आणि नाकावर माशी बसू न देणारी. तिच्या हाताखाली तिच्या बहिणीची मुलगी, वय एकतीस, दुकानात येऊन अकरा वर्षं झालेली. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी इस्त्रीवाले, अंगाने आडदांड आणि मनाने लोण्याचा गोळा. सेनापतीला बाण लागला त्या दिवशी त्यांनी एका वकिलाची पँट जाळली होती. तेव्हापासून मालिका सुरू होण्याआधी इस्त्रीचं बटण बंद झालं की नाही, हे मावशी स्वतः उठून बघायची.

मालिका चिनी. जुन्या काळातली, राजवाड्यातली, चाळीस भागांची. कापडं बेतायच्या टेबलावर खडूच्या डब्याला टेकवून टॅब उभा करायचा आणि खाली येणारं इंग्रजी भाचीने मराठीत वाचून दाखवायचं. चिनी नावं तिघांच्याही जिभेवर ठरत नव्हती, म्हणून दुकानाने आपलं बारसं उरकून घेतलं होतं. नायक तो सेनापती. नायिका राजवाड्यात औषधं देणारी, ती वैद्यीण. आणि तिची दासी, गालावर तीळ असलेली, ती तीळवाली.

"अरे, एकदा तरी तोंड उघडून सांग की तिला!" इस्त्रीवाले पडद्यावर ओरडायचे. "तीस भाग झाले, नुसता बघतोय!"

"त्याला बघू दे. तिला कुठे ऐकायला वेळ आहे?" मावशी म्हणायची. "ती बया सगळ्यांशी गोड बोलण्यात गुंतली आहे."

वैद्यीण मावशीला पहिल्या भागापासून खटकत होती. तीळवाली मात्र आवडायची. सबंध राजवाड्यात काम करणारी तेवढी एकच, बाकीचे उसासे टाकण्याचा पगार घेतात, असं मावशीचं मत होतं. आणि मावशीचं मत दुकानात मावणारं नव्हतं. ही मालिका बघणाऱ्या मराठी लोकांचा फोनवर एक गट होता, चारशेबारा माणसांचा. मावशीला लिहायचा कंटाळा, म्हणून ती बोलून पाठवायची, आणि लोक मालिकेइतकीच तिच्या आवाजाची वाट बघायचे. गटाचे कारभारी एक निवृत्त हेडमास्तर. ते वैद्यिणीचे कट्टर भक्त आणि प्रत्येक वाद एक, दोन, तीन असे मुद्दे काढून निकालात काढणारे. त्यांचं आणि मावशीचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

चौतिसाव्या भागात घोटाळा झाला. सेनापतीच्या झग्याच्या अस्तरात शत्रूचं पत्र सापडलं. कुणीतरी अस्तर उसवून, पत्र आत ठेवून, पुन्हा शिवलं होतं. सेनापतीला बेड्या पडल्या, इस्त्रीवाल्यांनी रुमाल काढला, आणि पडदाभर ते अस्तर दिसलं.

"थांबव!" मावशी ओरडली.

भाचीने चित्र थांबवलं. मावशीने चष्मा चढवला, टॅब जवळ ओढला आणि नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकली.

"काय हात आहे गं," ती शेवटी म्हणाली. "एकेक टाका तांदळाच्या कणीएवढा. कुठे दोरा ताणलेला नाही, कुठे ढिला नाही. चाळीस वर्षांत असा हात मी बघितलेला नाही. धर तो फोन." आणि तिने हे सगळं जसंच्या तसं गटावर बोलून टाकलं.

मग पुन्हा टॅबवर वाकली, आणि तिचे डोळे बारीक झाले.

"अगं, पण हे टाके उलट्या अंगाला कललेत! हा डावा हात आहे!"

झालं. राजवाड्यात सगळ्यांचा संशय तीळवालीवर होता, म्हणून मावशीने टॅब मागे पळवायला लावला. तीळवाली चहा उजव्या हाताने ओतत होती, केर उजव्या हाताने काढत होती. आणि वैद्यीण? सेनापतीच्या खांद्यात उपचाराच्या सुया टोचत होती ती डाव्या हाताने. दोन मिनिटांत मावशीचा दुसरा निरोप चारशेबारा घरांत पोचला: दासीवर आळ घेऊ नका. पत्र शिवणारी तुमची लाडकी वैद्यीण आहे. मी टाका ओळखते, माझं पोट त्यावर चालतं.

गटाने दुकान डोक्यावर घेतलं म्हटलं तरी चालेल. कुणी म्हणालं, वैद्यीण आणि सेनापती यांच्यामध्ये याल तर गाठ आमच्याशी आहे. कुणी म्हणालं, बाई, तुम्ही कोट शिवा. एकीने रागाच्या भरात गट सोडला आणि संध्याकाळी पुढे काय झालं ते विचारायला परत आली. हेडमास्तरांनी पाच मुद्दे लिहिले. पाचवा असा होता की प्रेम करणारी स्त्री विश्वासघात करत नाही.

"यांना प्रेम कळतं, शिवण कळत नाही," मावशी म्हणाली. तिला या सगळ्याची मनापासून मजा येत होती. तिने हसून भाचीकडे पाहिलं. भाची हसत नव्हती.

"मावशी, एक विचारू?" भाची म्हणाली. "तो टाका डाव्या हाताचा आहे हे कळायच्या आधी तू म्हणालीस, असा हात बघितला नाही."

"मग? खरंच आहे ते."

"मग माझे टाके का उसवतेस?"

इस्त्रीवाल्यांनी एकदम इस्त्रीचं बटण लावलं आणि गरम व्हायची वाट बघत तिच्याकडेच टक लावून उभे राहिले.

भाची डावखुरी होती. अकरा वर्षांत बटणं, काज, अस्तराच्या आतल्या बाजू हेच तिच्या वाट्याला आलं होतं. कोटाची कॉलर, छातीवरचं उलटं पान, जे काही लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते मावशी स्वतः शिवायची. भाचीने कधी हौसेने त्याला हात लावलाच, तर मावशी एक शब्द न बोलता कात्रीचं टोक घेऊन तो सगळा टाका उसवायची. तिचं कारण खोटं नव्हतं. एका कोटावर दोन हात चालले, एकाचे टाके इकडे कललेले आणि दुसऱ्याचे तिकडे, की जाणत्या माणसाला ते खुपतं. पण भाचीने विचारलेला प्रश्न हा नव्हता, आणि हे मावशीलाही समजत होतं.

"तुझं आणि तिचं सारखं आहे का?" ती तुटकपणे म्हणाली. "कामाला लागा आता."

भाची कामाला लागली. जाताना दारात मात्र थांबली. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाने तिला बोलावलं होतं, कॉलर आणि पान शिवायला. शनिवारी फोन येणार होता, तेव्हा हो की नाही ते सांगायचं होतं. "तुला आधी सांगावं असं वाटलं," ती म्हणाली आणि निघून गेली.

मावशीचा चेहरा उतरला. जा म्हणवेना आणि राहा म्हणायला तोंड नव्हतं. पुढचे पाच दिवस दुकानात मालिका चालू राहिली, वाचन चालू राहिलं, पण भाची पडद्यावरचं वाचून झालं की गप्प व्हायची. मावशीने सगळी भिस्त शेवटच्या भागावर ठेवली होती. का कोण जाणे, तिला वाटत होतं की वैद्यिणीचा डावा हात एकदा सिद्ध झाला की आपल्याला काहीतरी बोलता येईल.

शुक्रवारी शेवटचा भाग आला. तीळवाली भर दरबारात गुडघ्यांवर बसली आणि तिने कबूल केलं. तिचा धाकटा भाऊ शत्रूच्या कैदेत होता, म्हणून पत्र तिनेच शिवलं. वर ती कशी शिवत होती तेही दाखवलं. दिव्याशी बसून, आणि चक्क उजव्या हाताने.

"अरे, उजव्या हाताने तो टाका पडतच नाही!" मावशी टेबलावर हात आपटून म्हणाली. तिकडे सेनापतीने चाळीस भागांनी तोंड उघडून वैद्यिणीला जे सांगायचं ते सांगितलं आणि इस्त्रीवाले हुंदके देऊन रडले, पण मावशीचं लक्षच नव्हतं.

फोन एकसारखा वाजायला लागला. गट वाटच बघत होता. कुणी वैद्यिणीला हार घातले, कुणी मावशीला चष्म्याचं दुकान सुचवलं. हेडमास्तरांनी या खेपेला एकच मुद्दा लिहिला: बाई, खटला निकालात निघाला. मावशीने फोन पालथा घातला. चाळीस वर्षांत तिच्या कामात कुणी खोट काढली नव्हती, आणि आज चारशेबारा जण पोट धरून हसत होते. तिला जेवण गेलं नाही.

भाची मात्र टॅबवर काहीतरी शोधत बसली होती. दहा मिनिटांनी तिने तो मावशीसमोर सरकवला.

"हे बघ. मालिका कशी केली त्याची फीत आहे."

एक लांबलचक खोली होती. भिंतीला ओळीने झगे टांगलेले, आणि खिडकीजवळ पन्नाशीची एक बाई, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. तिच्या मांडीवर सेनापतीचा झगा होता. सुई तिच्या डाव्या हातात होती.

मावशीने चष्मा चढवला.

"काय म्हणतेय ती? वाच."

"म्हणतेय, लहानपणी सगळ्यांनी हात बदलायला सांगितलं, पण तिच्या गुरूने सांगितलं नाही," भाची वाचत होती. तिचा आवाज नेहमीसारखा सपाट राहिला नव्हता. "सेनापतीचा झगा पूर्ण तिचा आहे. आतून आणि बाहेरून. त्याला दुसरा हात लागलेला नाही."

पडद्यावरची बाई मान वर न करता शिवत होती. मावशीने तिचे दहा-बारा टाके पाहिले. मग फोन उचलला.

"हेडमास्तर, ऐका," ती बोलली. "वैद्यिणीवर मी खोटा आळ घेतला, तिची माफी मागते. गोष्ट मला कळली नाही. पण टाका डाव्या हाताचाच आहे आणि ती शिवणारी सापडली आहे. फीत पाठवते. डोळे भरून बघा."

गटाने फीत बघितली. मग हेडमास्तरांचं उत्तर आलं, मुद्दे न घालता. बाई, आम्ही चाळीस भाग माणसं बघत बसलो, तुम्ही त्यांच्या अंगावरचं शिवणारीला बघितलंत. माझा निकाल मी मागे घेतो आणि तुम्हाला नमस्कार करतो. त्याच्यामागोमाग नमस्कारांची रीघ लागली. इस्त्रीवाल्यांनी ते उत्तर दोनदा मोठ्याने वाचलं. मावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि का चढू नये? शेकडो कोसांवरून, काचेतून, एका अनोळखी बाईचा हात तिने ओळखला होता.

पण तेवढ्यात तिची नजर भाचीवर गेली, आणि तिला स्वतःची लाज वाटली. त्या बाईला ओळखायला तिला एक क्षण लागला होता. हिच्याशेजारी ती अकरा वर्षं बसत होती.

मावशी उठली. खुंटीवर वाद्यवृंदाच्या संचालकाचा लांब काळा कोट होता, रविवारच्या कार्यक्रमासाठीचा. हा माणूस हजार लोकांसमोर उभा राहायचा, म्हणून मावशीने त्याचं पान आणि कॉलर खपून स्वतः शिवली होती. तिने कोट टेबलावर पसरला, कात्रीचं टोक घेतलं आणि आपला पहिला टाका उसवला.

"बाई!" इस्त्रीवाले घाबरून म्हणाले. "अहो, तो तुमचा आहे!"

"माहीत आहे कुणाचा आहे ते."

ती उसवत गेली. एक, दोन, सबंध पान, मग कॉलर. मावशी स्वतःचं काम उसवताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. दोऱ्यांचे तुकडे झटकून तिने कोट भाचीसमोर ठेवला.

"दोन हात एका कोटावर नकोत, हे मी आजही म्हणते," ती म्हणाली. "म्हणून माझा काढला. सगळा कोट तू शीव. आतून, बाहेरून. उद्या त्या दुकानाचा फोन आला की हो म्हण, नाही म्हण, तुझी मर्जी. पण हा तू शिवून जा. माझ्या दुकानातून तुझ्या हाताचा एक तरी कोट बाहेर पडू दे. अकरा वर्षं मी चुकले गं."

भाचीने कोट मांडीवर ओढला आणि सुई डाव्या हातात घेतली.

शनिवारी सकाळी मावशी नेहमीच्या खुर्चीवर बसली नाही. ती स्टुलावर बसून सुयांत दोरे ओवत होती, एक संपायच्या आत दुसरी पुढे करत होती. संचालक कोट बघायला आले तेव्हा पान शिवून झालं होतं. त्यांनी नुसतं वा म्हटलं, पण मावशीला तेवढ्याने भागणार नव्हतं. तिने त्यांना उजेडात नेऊन कॉलर उलटून दाखवली. "टाके कुणीकडे कललेत बघा," ती म्हणाली. "डावा हात आहे. असा कोट गावात दुसऱ्या कुणाकडे मिळायचा नाही." संचालकांना त्यातलं ओ की ठो कळलं नसावं, तरी त्यांनी बोटाने तो टाका चाचपून पाहिला आणि खांदे सरळ करून उभे राहिले. भाचीने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले होते.

ते गेले आणि भाचीचा फोन वाजला. मोठ्या रस्त्यावरचं दुकान. भाचीच्या एका हातात सुई, दुसऱ्या हाताखाली कॉलर. तिने फोनकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, आणि मावशीकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली.

मावशीचे डोळे भरून आले. तिने ते बाहीला पुसले, फोन उचलला आणि ताठ मानेने म्हणाली,

"नाही, त्या कोट शिवताहेत, त्यांना आता उठता यायचं नाही. आणि त्या कुठेही जात नाहीत. मी? मी त्यांच्या हाताखाली असते."