तोंडाला काही लावतेस का?

मित्रांनो, मी एक जुना हीटर आहे. खोली उबदार ठेवणारा किंवा अंघोळीचं पाणी तापवणारा थोर हीटर नव्हे. वाटीएवढं पोट, वर झाकण आणि समोर एक लाल दिवा, एवढाच माझा जीव. पार्लरमधल्या वॅक्सचं मेण पोटात घ्यायचं, ते मधासारखं पातळ करायचं आणि गप्प बसायचं, हे माझं काम. माझी हकिकत ऐकायला बसलात, हे तुमचे उपकार. पण आधीच सांगतो, हिच्यात मिरवण्यासारखं थोडं आणि मान खाली घालण्यासारखं फार आहे. चूक चारचौघांत कबूल केली की निम्मं ओझं उतरतं म्हणतात. उरलेलं निम्मं वागून फेडायचं. तर निम्मं आज तुमच्यापुढे उतरवतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. एका बाईने माझ्या तळाशी तार बसवली, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने मला विजेला जोडून पाहिलं. दिवा लागला, पोट तापलं आणि तिला चटका बसला. ती शेजारणीला म्हणाली, "हा बघ, पाळण्यातच पाय दाखवतोय. तापट निघणार." सगळ्याजणी हसल्या. मीही मनात हसलो. तेव्हा हसायला काय जात होतं?

तिथून मी एका छोट्या पार्लरमध्ये आलो. पार्लर एकट्या बाईचं. तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्या बायकाही तिला ताईच म्हणत. मागे रेलणारी एक खुर्ची, भिंतीवर आरसा, सोबत आलेल्यांना बसायला बाक आणि खुर्ची व बाकाच्या मध्ये चाकांची ट्रॉली. त्या ट्रॉलीवर मी, दोऱ्याचं रीळ, भुवयांचा चिमटा आणि इवलं ब्लेड असा आमचा संसार.

ताईचा हात फार सावध. समोरची बाई बसली की ती आधी बोटांच्या मागच्या बाजूने तिच्या भुवयांखालची कातडी चाचपायची आणि मग आमच्यापैकी कुणाला बोलवायचं ते ठरवायची. तेलकट कपाळाची एक शिक्षिका यायची. तिला पावडर लावून, कपाळ कोरडं करून मग मी. भट्टीपुढे उभं राहून कातडी कोरडी झालेली एक पाववाली यायची. तिला दोरा, तोही ओलसर हाताने. एक बस चालवणारी बाई उन्हाने लालबुंद होऊन आली, तेव्हा ताई म्हणाली, "आज काहीच नाही. आठ दिवसांनी ये."

"अगं, एवढी आलेय तर दोन केस तरी काढ."

"भुवई पुन्हा उगवते गं. कातडी एकदा रुसली, की तिची समजूत काढायला महिना जातो."

आणि काहीही करण्याआधी ताईचा एक प्रश्न ठरलेला. "तोंडाला काही लावतेस का?" एकदा एका परिचारिकेने या प्रश्नावर पर्समधून नारिंगी टोपणाची ट्यूब काढून दाखवली. "मुरुमांसाठी आहे. रात्री लावते." ताईने ती डोळ्यांजवळ धरून वाचली आणि माझं झाकण लावून टाकलं. "मग तुला वॅक्स नाही. या मलमाने कातडी पातळ पापुद्र्यासारखी होते. पट्टी ओढली, तर केसांबरोबर तीही येईल. चिमट्याने एकेक काढते, वेळ लागू दे." त्या दिवशी मी रुसलो. पण ते नारिंगी टोपण माझ्या नीट लक्षात राहिलं. हे ध्यानात ठेवा, पुढे याचाच जाब मला द्यायचा आहे.

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची गेली. "ताई, तुमच्या वॅक्सला तोड नाही," असं कुणी म्हटलं, की मेणाआधी मीच वितळायचो. मग वारं फिरलं. ज्या त्या बाईला दोराच हवासा झाला. माझ्या झाकणावर धूळ बसू लागली आणि शेजारचं रीळ मला टोमणे मारू लागलं, "काय तापटराव, आजही बिनकामाचे? थंड डोक्याने बसायचं कसं, ते आमच्याकडून शिका." चिमटा बिचारा सज्जन, तो काही बोलायचा नाही. मी मात्र आतल्या आत चरफडायचो. कुणीतरी यावं आणि माझा दिवा लावावा, एवढीच माझी मागणी होती. देवाजवळ काय मागावं याची अक्कल नसली, की असं होतं.

आणि एका दुपारी एक मुलगी तिच्या आईला घेऊन आली.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यामुळे मुलगी तोंडाने बोलण्याआधी हातांनी बोलायला शिकली होती. आता ती त्याच विद्येची दुभाषी होणार होती. दवाखान्यात किंवा कचेरीत लोक बोलतील ते ऐकू न येणाऱ्यांना हातांनी सांगायचं आणि त्यांचं म्हणणं तोंडाने बोलायचं. दुसऱ्या दिवशी तिची शेवटची परीक्षा होती.

"ताई, आमच्या भाषेत भुवया म्हणजे प्रश्नचिन्ह," ती खुर्चीत बसता बसता म्हणाली. "हात तेच ठेवून भुवया वर नेल्या, तर 'तू जेवलीस का?' नाही नेल्या, तर 'तू जेवलीस.' "

"म्हणजे तुझ्या भुवया नोकरीला लागल्यात म्हण की."

"उद्या पास झाले तर लागतील. म्हणून लांबूनसुद्धा नीट दिसायला हव्यात."

ताईने रिळाकडे हात नेला. मुलीने नाक मुरडलं. "दोरा नको ना. मला शिंकांवर शिंका येतात, डोळ्यांना धार लागते. ते गरम वॅक्सच करा, एका झटक्यात."

माझा दिवा लागला. मित्रांनो, त्या क्षणी मी रिळाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती आठवली की आजही मला झाकण उघडू नये असं वाटतं.

मेण पातळ झालं. मुलीने चष्मा काढून पर्समध्ये टाकला. पर्स उघडी होती, आणि आत नारिंगी टोपण होतं. मी ते ओळखलं.

ताईने कातडी चाचपली, ठरलेला प्रश्न विचारला. "तोंडाला काही लावतेस का?"

"कुठे हो ताई, साधी पावडरसुद्धा लावत नाही. हवं तर आईला विचारा." ती हसली आणि तिने डोळे मिटले.

ती खोटं बोलली नाही. तिच्या लेखी 'लावणं' म्हणजे पावडर आणि लाली. ट्यूब डॉक्टरांनी दिलेली होती, म्हणजे ते औषध. औषध रोज घ्यायचं असतं, ते 'लावते' म्हणून सांगायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. एवढ्याशा शब्दाच्या फटीतून केवढा अनर्थ आत शिरला बघा.

पण बाकावर बसलेल्या आईने ताईचे ओठ वाचले होते. ती उठली. तिने मुलीकडे बोट दाखवलं, स्वतःच्या भुवईवर बोट गोल गोल फिरवलं, तळहातावर गाल टेकून झोपेची खूण केली आणि जोरजोरात मान हलवली. रात्री लावते, नको, नको. तिची जीभ म्हणजे तिची लेक, आणि ती तर डोळे मिटून पडलेली.

ताईच्या हातात मेणाची काडी होती. तिने आईकडे पाहिलं, गोड हसली आणि मान डोलावली. "हो हो, काळजी करू नका. इतकं हळू करते, की तिला झोप लागेल." आणि वळली.

आई ताईचा हात धरायला धावली. मध्ये ट्रॉली होती, आणि ट्रॉलीपासून भिंतीपर्यंत माझी वायर ताणलेली. वायरीत पाय अडकून माझं गरम मेण लेकीच्या अंगावर सांडेल, म्हणून ती माउली थबकली आणि वळसा घालून आली. तेवढ्यात पट्टी ओढून झाली होती.

तुम्ही म्हणाल, हीटरला तोंड कुठे असतं, तो काय करणार? खरं आहे. पण तुमच्यापुढे निम्मंच खरं बोलून कसं चालेल? मला तोंड असतं तरी त्या क्षणी मी ते उघडलं नसतं. टोपण मी ओळखलं होतं, आईचे हात मला कळले होते. पण किती दिवसांनी माझा दिवा लागला होता. तो विझू नये, एवढंच माझ्या मनात होतं. ही माझी लाज.

उजव्या भुवईखाली नखाएवढी कातडी केसांबरोबर निघाली होती. मुलीने श्वास आत ओढला आणि डोळे उघडले. पहिली दिसली ती आई. आईचे हात अजून बोलतच होते. मुलीच्या अंगवळणी पडलेलं काम तिच्या तोंडाने आपोआप केलं. ती म्हणाली, "आई म्हणतेय, ही रात्री डॉक्टरांचं मलम लावते. थांबा."

ताईने माझी वायर उपटली, थंड पाण्याची घडी भुवईवर धरली आणि पार्लरला कुलूप लावून दोघींना स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेली. रिळाने त्या दिवशी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी मायलेकी परत आल्या. भुवईवर खपली होती.

"परीक्षा दिली," मुलगी म्हणाली. "उजवी भुवई वर जाईचना. सूज होती आणि ओढलं की आग व्हायची. मी विचारलं, 'तुमचं डोकं दुखतंय का?' समोरच्याला दिसलं, 'तुमचं डोकं दुखतंय.' सगळेच प्रश्न असे आडवे पडले. सहा महिन्यांनी पुन्हा बसायचं."

"मला बोल गं, काय वाटेल ते बोल," ताई म्हणाली.

"काय बोलू? तुम्ही विचारलं होतं. मीच नाही म्हटलं."

आईचे हात उठले. मुलगी जरा घुटमळली, पण तिने एक शब्द गाळला नाही. "आई म्हणते, हिने विचारलं हे खरं. पण उत्तर घेऊन मी समोर उभी होते, तर हिने मान डोलावून मला गप्प बसवलं."

ताईने मान खाली घातली. मग म्हणाली, "त्यांना विचार, मला हा प्रश्न हातांनी शिकवतील का?"

आई ताईसमोर स्टूल ओढून बसली. बोटं ताईला लवकर जमली, भुवया काही वर जाईनात. शेवटी आईने दोन्ही अंगठ्यांनी ताईच्या भुवया वर ढकलल्या.

"आता प्रश्न झाला," मुलगी म्हणाली. "मघापासून तुम्ही नुसता हुकूम सोडत होतात." तिघीजणी हसल्या. मी हसलो नाही. तो हक्क माझा राहिला नव्हता.

तेव्हापासून ताई एक प्रश्न चार तऱ्हांनी विचारते. क्रीम, पावडर? डॉक्टरांचं मलम? मुरुमांचं औषध? उन्हात भाजलंय? सोबत आलेल्या माणसालाही विचारते. नवी बाई असली, की कानामागे थोडंसं वॅक्स लावून बघते आणि कातडी लाल होते का ते पाहायला एक दिवस थांबते. ट्रॉली तिने भिंतीला टेकवली आहे. माझी वायर आता कुणाच्या वाटेत येत नाही.

मुलगी पुन्हा आली ती परीक्षेच्या आठ दिवस आधी. चिमट्याने एकेक केस काढून घेतला, पाऊण तास. माझं झाकण बंद होतं, आणि मी पहिल्यांदाच बंद राहिल्याबद्दल देवाचे आभार मानले.

त्यानंतर एका सकाळी आई एकटीच आली, दुभाषी न घेता. दारातूनच तिने हात हलवले आणि ताईला ते कळलं, मध्ये कुणी न सांगता. लेक पास झाली होती. मग आई स्वतः खुर्चीत बसली. ताईने बोट स्वतःच्या भुवईवर फिरवलं, गाल तळहातावर टेकवला आणि भुवया अगदी वरपर्यंत नेल्या. आईने सांगितलं, मी काही लावत नाही. कानामागे थोडं वॅक्स लावून घेऊन ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. ताईने दोरा दाखवला, चिमटा दाखवला. आईने दोन्हींकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

माझा दिवा लागला. आईने डोळे मिटले नाहीत, आणि ताईने तिच्या हातांवरची नजर काढली नाही.

मित्रांनो, एक मागणं आहे. उद्या तुम्हाला किंवा तुमच्या ताईला, मावशीला भुवया नीट करायच्या झाल्या, तर शेजारणीला काय मानवलं ते विचारू नका. आपल्या कातडीला काय सोसेल ते विचारा, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर दर वेळी तोंडानेच येईल असं नाही. बाकावरून कुणी हात हलवत असेल, तर नुसती मान डोलावू नका. आधी माझा दिवा बंद करा. मला वाईट वाटेल, पण तुम्ही बंद करा.