मोटारीला विश्रांती

जहाजदुरुस्तीच्या गोदीतली सर्वांत उंच क्रेन चालवणाऱ्या माणसाला सगळे गरुड म्हणत. सध्या मात्र हा गरुड खाली गोदामात बसून साखळ्या आणि हुक तपासत होता. रक्तदाब एकशेसाठच्या खाली यायला तयार नव्हता, आणि एकशेचाळीसच्या आत आल्याशिवाय केबिनमध्ये पाऊल ठेवायचं नाही, असं गोदीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

"काय गरुडभाऊ, आज किती उंचावर?" येणारेजाणारे विचारत.

"स्टुलावर," गरुड म्हणे. हसत म्हणे, पण घरी जाताना फाटकाशी थांबून मान वर करून क्रेनकडे बघे. येत्या तपासणीतही आकडा उतरला नाही, तर क्रेन कायमची दुसऱ्याकडे जाणार होती.

तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब का उतरत नाही, याचा माग झोपेच्या तपासणीत लागला होता. झोपेत गरुडचा घसा मिटायचा. श्वास थांबायचा, रक्तातला ऑक्सिजन घटायचा, मग शरीर घाबरून हिसका द्यायचं आणि श्वास पुन्हा सुरू व्हायचा. प्रत्येक हिसक्यासरशी रक्तदाब उसळायचा. रात्रभर असं चाललं की दिवसाही तो चढाच राहायचा. उपाय म्हणून घरी एक मशीन आलं. डब्यातून नळी, नळीच्या टोकाला मास्क, आणि मास्कमधून घसा उघडा ठेवण्यापुरता हवेचा दाब.

"अगं बाई, सोंड फुटली यांना!" पहिल्या दिवशी बायको म्हणाली होती. मुलीने फोटो काढायला फोन उचलला, तेव्हा गरुडने मास्कच्या आतूनच तिला असं काही झापलं की कोणाला एक अक्षर कळलं नाही आणि दोघी आणखीच हसल्या.

मशीन येऊन महिना झाला. ठरलेल्या तपासणीला अजून अवकाश होता, पण मधेच एकदा आकडा बघावा म्हणून बायको आणि मुलगी दोघींना बरोबर घेऊन गरुड दवाखान्यात गेला. डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, सोडला, थोडं थांबून पुन्हा गुंडाळला.

"एकशेछप्पन," त्या म्हणाल्या. "मला जास्त फरक अपेक्षित होता. मशीन लावता ना?"

"न चुकता."

"खरंच लावतात हो," बायको म्हणाली. "मी स्वतः मास्कचे पट्टे ओढून देते. पण पहाटे पुन्हा घोरतात. मला वाटलं, मशीन कमी ताकदीचं असेल. मी आपली कानात कापूस घालून झोपते."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "पहाटे मास्क असतो तोंडावर?"

"पहाटे कसा असेल?" गरुड म्हणाला. "तोवर मोटार तापते ना."

"तापते?"

"मध्ये लघवीला उठतो, तेव्हा डब्यावर तळवा ठेवून बघतो. चांगला गरम लागतो. लगेच बंद करतो." त्याच्या आवाजात अभिमान होता. "आमच्या कामात मोटारीला विश्रांती दिली नाही की ती जळलीच म्हणून समजा. तुमच्या मशीनला मी ओरखडासुद्धा पडू दिलेला नाही."

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा! त्यात पाणी कशासाठी भरतो आपण?"

"हवा ओली राहावी म्हणून."

"आणि ते पाणी कोमट करायला खाली तापणारी पट्टी असते. ती तापायलाच हवी!"

गरुड तिच्याकडे वळला. "म्हणजे महिनाभर मी गीझर थंड करत होतो?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. चष्मा काढून पुसत त्या म्हणाल्या, "गरुडभाऊ, पहाटेच्या झोपेत घसा जास्त सैल पडतो. बऱ्याच जणांचा श्वास तेव्हाच सर्वांत जास्त थांबतो. मला सांगा, लोखंडाचा पत्रा हवेत लटकत असताना मोटार बंद कराल?"

"वेड लागलंय का मला?"

"मग घरी तेच करताय. पत्र्याच्या जागी तुम्ही लटकताय, एवढाच फरक."

गरुडचे कान लाल झाले. "आधी का नाही सांगितलंत?"

"मशीनला कोणी विश्रांती देईल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही," त्यांनी कबूल केलं.

"माझ्यापेक्षा त्या डब्याची काळजी जास्त!" बायको म्हणाली. "मी तापाने फणफणले होते, तेव्हा माझ्या कपाळावर तळवा ठेवला होतात का?"

"तुला बंद करायचं बटण नाही," गरुड पुटपुटला. त्यावर दवाखान्यातली नर्ससुद्धा फिस्सकन हसली.

तेव्हापासून मशीन उजाडेपर्यंत चालू लागलं. सकाळचं डोकं जड होणं थांबलं. हातात कप धरून पेंगणारे बाबा आता वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि वर वाद घालतात, अशी मुलीची तक्रार सुरू झाली.

तपासणीच्या दिवशी गरुड पट्ट्याकडे न बघता भिंतीकडे बघत बसला. डॉक्टरबाईंनी तीनदा मोजलं.

"एकशेचौतीस. ही सगळी मशीनची करामत नाही हं. गोळ्या चालूच ठेवायच्या. गोळ्या रक्तदाब खाली ढकलत होत्या आणि तुमची झोप तो पुन्हा वर ओढत होती. आता ओढणारं कोणी नाही."

"म्हणजे वर जाऊ?"

"जा. पण उतरल्यावर झोपायचं कसं, ते आता—"

पुढचं ऐकायला गरुड खोलीत नव्हता. शिडी चढून तो केबिनमध्ये शिरला, दुसऱ्याच्या उंचीला लावलेली खुर्ची मागे सरकवली, काच बाहीने पुसली आणि वायरलेसचं बटण दाबलं.

"वर आलोय. बोला, काय उचलायचंय?"